परसदारची पाखरे आणि हातातला फोन

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात एका निवृत्त विज्ञान शिक्षकाने पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



 निमंत्रण देताना चिटणीससाहेबांनी विषय विचारला. मी म्हणालो, "परसदारची पाखरे." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सर, दहावीच्या निकालावर काही बोललात तर पालकांना बरे वाटेल." त्यांचे म्हणणे रास्त होते. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो की, मी अभ्यासाबद्दलच बोलणार आहे. फक्त वाट थोडी झाडाझुडपांतून जाणारी आहे.

मागे एकदा येथेच पालक सभा होती. निवृत्त झालो असलो तरी अशा सभांना मी येऊन बसतो. त्या दिवशी फी, गणवेश, शिकवणी सगळे विषय बाजूला राहिले आणि दोन तास बोलणे झाले ते मोबाईल फोनवर. एक भगिनी उठून म्हणाल्या, "सर, तुम्हीच सांगा. मुलगा जेवताना फोन पाहतो, झोपताना फोन पाहतो. मी हा फोन पाट्यावर ठेवून वरवंट्याने फोडू का?" सभागृहात हशा पिकला; पण त्या भगिनी हसत नव्हत्या.

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. २०२० साली शाळा बंद पडल्या आणि आम्ही शिक्षकांनीच घरोघरी निरोप पाठवले की, मुलाला फोन घेऊन द्या, नाहीतर वर्ष वाया जाईल. कोणी बांगडी गहाण ठेवली, कोणी हप्ते बांधले, कोणी आखातातल्या भावाकडून जुना फोन मागवला. इतक्या कष्टाने घरात आणलेली वस्तू दोन वर्षांत घरातली वैरीण झाली. ती फोडावी का, या प्रश्नाचे उत्तर मला शाळेत मिळाले नाही. ते माझ्या घरामागच्या विहिरीजवळ मिळाले. ते मिळताना माझ्या हातून एक गुन्हा घडला. तो आज मी आपल्यापुढे कबूल करणार आहे.

एप्रिल २०२० मधली गोष्ट. टाळेबंदीचे दिवस होते. माझी नात, मुलीची मुलगी, सुट्टीला म्हणून आली होती ती आमच्याकडेच अडकली होती. तिचे वय तेव्हा नऊ वर्षांचे. आमच्या विहिरीच्या काठाशी जास्वंदीचे मोठे झुडूप आहे. त्यात लालबुड्या बुलबुलाने घरटे केले. हा पक्षी आपण सर्वांनी पाहिलेला आहे. काळे डोके, डोक्यावर लहानशी शेंडी आणि शेपटीच्या बुडाशी लाल भडक ठिपका. घरटे माझ्या छातीच्या उंचीवर, वाटीएवढे. आत गुलाबी रंगावर तांबडे-जांभळे ठिपके असलेली अंडी होती. पुढे त्यांतून दोन पिल्ले बाहेर आली. उघडी, आंधळी, सगळा जीव चोचीत आलेला.

माझ्याजवळ मुलाने दिलेला चांगला फोन होता. मनात आले, याचे चित्रण करावे. परंतु अडचण अशी होती की, घरट्यावर पाने आलेली होती, आतले काही नीट दिसत नव्हते. मी कात्री आणली आणि आड येणाऱ्या तीन डहाळ्या छाटून टाकल्या. स्टूल ठेवले, त्यावर डबा, डब्याला टेकून फोन. घरट्यापासून हातभर अंतरावर. चित्र असे सुरेख आले म्हणता! आई चोचीत अळी घेऊन येते, दोन माना थरथरत वर होतात, लाल जबडे उघडतात. मी ते कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवले. दुबईहून, मुंबईहून, पुण्याहून 'माशाअल्लाह', 'वा वा' यांचा पाऊस पडला. निवृत्त माणसाला कौतुक फार लवकर चढते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी सुंदर दृश्य मिळाले. बुलबुलाची आई घरट्याच्या काठावर दोन्ही पंख पसरून उभी होती आणि तिच्या पंखांखाली पिल्ले चोची उघडून बसली होती. मी त्या चित्रफितीला 'आईची माया' असे नावही दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते. झुडपाखाली चार पिसे होती, दुसरे काही नाही.

नातीने विचारले, "नाना, पिल्ले कुठे गेली?" मी म्हटले, "बेटा, उडून गेली असतील." ती म्हणाली, "त्यांना पिसेच नव्हती, नाना." मग तिने माझ्याकडून फोन मागून घेतला आणि आदल्या दोन दिवसांचे सगळे चित्रण पुन्हा पाहायला बसली. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली. पडद्याच्या कोपऱ्यात, विहिरीच्या कठड्यावर, एक कावळा बसलेला होता. एका चित्रफितीत नव्हे, तिन्हींत. मी फोन ठेवून मागे सरलो की तो मान वाकडी करून झुडपाकडे पाहत होता. आणि ते 'आईची माया' नावाचे दृश्य? नात म्हणाली, "नाना, ती ऊन अडवतेय. आधी तिथे पाने होती ना?"

बंधुभगिनींनो, मी तीस वर्षांहून अधिक काळ विज्ञान शिकवले. निरीक्षण म्हणजे काय, यावर शेकडो मुलांकडून उत्तरे लिहून घेतली. आणि माझ्याच फोनमध्ये, माझ्याच डोळ्यांसमोर, सगळा पुरावा होता तो मला दिसला नाही. फोनने सर्व काही टिपले होते. सावली गेलेली टिपली होती, आईची तगमग टिपली होती, कावळाही टिपला होता. पाहायचे काम माझे होते आणि मी ग्रुपवर येणारी 'वा वा' पाहत होतो. नऊ वर्षांच्या मुलीने तेच चित्रण शांतपणे पाहिले, तेव्हा तिला ते वाचता आले.

त्या दिवशी मला पालक सभेतल्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. फोन दाखवण्यासाठी वापरला तर तो माणसाला आंधळा करतो. पाहण्यासाठी वापरला तर तो दुर्बिणीसारखा, भिंगासारखा, शाळेच्या प्रयोगशाळेतील कोणत्याही उपकरणासारखा उपयोगी पडतो. ही सवय मुलाला लावायची असेल तर तिची सुरुवात घराच्या मागील दारी, पाण्याच्या एका वाडग्यापासून करता येते.

या ठिकाणी मला एका थोर माणसाची आठवण करून देणे आवश्यक वाटते. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचे नाव आपल्या समाजात अभिमानाने घेतले जाते. परंतु त्यांनी केले काय, हे विचारले तर पुष्कळजण गप्प होतात. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. वडील ते एक वर्षाचे असताना वारले, आई तीन वर्षांचे असताना. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. मुंबईच्या खेतवाडीत राहणारा हा मुलगा हातात छऱ्यांची बंदूक घेऊन चिमण्या मारत हिंडत असे. लहानपणीची त्यांची एक नोंद प्रसिद्ध आहे. तबेल्यातील भिंतीच्या भोकात चिमणी अंड्यांवर बसलेली, बाहेर नर पहारा देत होता. मुलाने नर मारला. थोड्याच वेळात त्या जागी दुसरा नर आला. तोही मारला. सात दिवसांत आठ नर मारले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. हे वाचून वाईट वाटते. तरी लक्षात घ्या, शिकार करणारी मुले त्या काळी घरोघर होती. पाहिलेले लिहून ठेवणारे मूल विरळा होते.

पुढे अशाच एका शिकारीत गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी त्यांच्या हाती आली. ही नेहमीची चिमणी दिसत नाही, मग ही खाण्यास चालेल की नाही, अशी शंका मुलाला आली. मामांनाही तो पक्षी ओळखता येईना. त्यांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था आजही मुंबईत आहे. तेथील मानद चिटणीस मिलार्ड यांनी त्या पोराला हाकलून दिले नाही. कपाटांचे खण उघडून पक्ष्यांचे नमुने त्याच्यासमोर मांडले. हे साल १९०८. त्या एका दुपारी एका आयुष्याची दिशा ठरली. मामांनी तेव्हा म्हटले असते, "चिमणीचे काय घेऊन बसलास, अभ्यास कर," तर? पालकांनी या प्रश्नाचा घरी जाऊन विचार करावा.

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळचे किहीम आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल. १९३० साली सालिम अली तेथे राहत होते. जर्मनीत शिकून आलेले, पण संग्रहालयातील नोकरी सुटलेली, दुसरी मिळत नव्हती. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकार माणसाने काय करावे? ते त्या घरट्यांसमोर तासन् तास बसले आणि लिहीत राहिले. सुगरणीचे लोंबते घरटे लोक शतकानुशतके पाहत आले होते. ते मादी विणते अशी समजूत, म्हणून तर आपण त्या पक्ष्याला 'सुगरण' म्हणतो! सालिम अलींनी बारकाईने पाहून मांडले ते असे की, घरटे नर विणतो. तो ते अर्धेच विणतो. मग माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात, पसंत पडले तर मुक्काम करतात. त्यानंतर नर ते पुरे करतो आणि शेजारी दुसऱ्या घरट्याला हात घालतो, दुसऱ्या मादीसाठी. या कामाला यंत्र लागले नाही. बसण्याची तयारी आणि वही लागली. त्यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हे पुस्तक १९४१ साली आले, १९७६ साली पद्मविभूषण मिळाले आणि १९८७ साली ते गेले. पण माझ्या मते किहीमचे ते बेकारीचे दिवस विद्यार्थ्यांनी सर्वांत जास्त लक्षात ठेवावेत.

आता आपल्या मुलांच्या हाती वही आहेच, शिवाय फोनही आहे. मग त्याने करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे, कारण हा भाग परीक्षेला नाही.

एक पसरट मातीचे भांडे घ्या, दोन बोटे खोल. फार खोल नको, चिमणी बुडते. मध्ये एक दगड ठेवा. रोज धुऊन ताजे पाणी घाला. मांजर दबा धरू शकणार नाही अशा मोकळ्या जागी ते ठेवा. दोन-चार दिवस फोनची घाई करू नका. पाखरांना जागेची ओळख होऊ द्या. मग सकाळी फोन एखाद्या विटेला किंवा कुंडीला टेकवून, आडवा धरून, भांड्याकडे तोंड करून ठेवा. सूर्य फोनच्या पाठीमागे असावा. पडद्यावर भांड्याच्या जागी बोट दाबून धरले की, बहुतेक फोनांत फोकस तेथेच बांधला जातो. घंटी वाजून पाखरे उडू नयेत म्हणून फोन 'एरोप्लेन मोड'वर टाका. चित्रण सुरू करा आणि स्वतः घरात जा. पाखराला फोनची भीती नसते, माणसाची असते.

फोनचा झूम ताणून लांबचे पाखरू जवळ आणण्याचा मोह आवरा. बहुतेक साध्या फोनांत असा झूम चित्र नुसते फुगवतो, पाखराचे पीस काही अधिक दिसत नाही. पाखराला जवळ आणायचे काम पाण्याचे. आणि एका मिनिटाच्या चित्रणाला साधारण शंभर एमबी जागा लागते, हे ध्यानात ठेवून रोज पाहून झाले की नको ते पुसून टाका. नाहीतर वडिलांच्या फोनमध्ये जागा उरणार नाही आणि पक्षिशास्त्राचा अभ्यास त्याच दिवशी बंद पडेल.

त्यात पाहायचे काय? एक उदाहरण देतो. चिमणी किंवा साळुंकी पाणी पिते तेव्हा चोचीत घोट घेते आणि मान वर करून तो घशात सोडते. होला आणि पारवा तसे करीत नाहीत. ते चोच पाण्यात बुडवून, मान वर न करता, गुरासारखे ओढून पितात. आपल्या आयुष्यात हजार वेळा हे आपल्यासमोर घडले आहे. किती जणांनी पाहिले? दुसरे उदाहरण. साध्या चित्रणात फोन एका सेकंदाला सुमारे ३० चित्रे घेतो. पुष्कळ फोनांत 'स्लो मोशन' असते, त्यात १२० किंवा २४० चित्रे घेता येतात. त्याने भांड्यावरून उडणारी चिमणी टिपा. उड्डाण पंखांनी सुरू होते असे आपण समजतो. चित्र सावकाश पाहिले की दिसते, आधी पाय वाकतात, ती उडी मारते आणि त्या उडीबरोबर पंख उघडतात. न्यूटनचा तिसरा नियम पाठ करणाऱ्या मुलाने हे एकदा पाहावे.

पाखराचे नाव कळत नसेल तर आता 'मर्लिन'सारखी अ‍ॅप आहेत. छायाचित्र किंवा आवाज दिला की ती नाव सुचवतात. सुचवतात, हा शब्द महत्त्वाचा. उत्तर तपासायचे काम आपले. आणि नावासाठी आजी-आजोबांना आधी विचारा. दयाळ, शिंजीर, नाचण, तांबट, खंड्या, कोतवाल, हळद्या ही नावे त्यांच्या तोंडी असतात. हुदहुद हे नाव तर आपल्या मुलांनी हजरत सुलैमान यांच्या कथेत ऐकलेले असते. तो तुरेवाला पक्षी आपल्याच मैदानावर लांब चोचीने किडे टोचत फिरतो, हे फार थोड्यांना माहीत असते.

आता काही नियम. हे मी बुलबुलाच्या दोन पिल्लांची किंमत देऊन शिकलो आहे, म्हणून कृपा करून ते हलके समजू नका.

घरट्याजवळ फोन ठेवायचा नाही. पाने-फांद्या छाटायच्या नाहीत, मागे ओढून बांधायच्याही नाहीत. घरटे दिसले तर लांबूनच, खिडकीतून पाहायचे. आई-बाप चोचीत किडा घेऊन तारेवर किंवा फांदीवर थांबून राहिले आणि घरट्यात जात नाहीत असे दिसले, तर समजावे की आपण फार जवळ आलो आहोत. ताबडतोब मागे सरावे. रात्री फ्लॅश मारायचा नाही. फोनवर पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलावायचे नाही. दुसरा नर हद्दीत शिरला या समजुतीने ते बिचारे हैराण होते. घरट्याचे ठिकाण कोणत्याही ग्रुपवर टाकायचे नाही. आणि ज्यांना कायद्याची भाषा अधिक समजते त्यांच्यासाठी सांगतो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जंगली पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे हे शिकारीच्या व्याख्येतच धरलेले आहे. म्हणजे मी कात्री लावली तेव्हा माझ्या हाती बंदूक नव्हती एवढेच.

चित्रण झाले की वही. तारीख, वेळ, ऊन की ढग, कोणते पाखरू, किती, काय करीत होते. रोज पाच ओळी पुरेत. या पाच ओळींचे मोल काय, असे पालक विचारतील. आपल्या देशात हजारो सामान्य पक्षिनिरीक्षक आपल्या नोंदी 'ई-बर्ड' या संकेतस्थळावर भरतात. त्यांत शिक्षक आहेत, गृहिणी आहेत, शाळकरी मुले आहेत. त्या नोंदींवरून २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा पहिला देशव्यापी अहवाल निघाला. चिमणी संपत चालली असे सगळे म्हणत होते. अहवालातून दिसले की मोठ्या शहरांत ती कमी झाली, परंतु देशभराचा विचार करता तिची संख्या साधारण स्थिर आहे. २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे आणि त्यांपैकी १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यावे असे म्हटले आहे. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसदारच्या पाखरांची मोजणी होते. निदान पंधरा मिनिटे एका जागी पाहून संख्या कळवायची असते. भारत त्यात २०१३ पासून आहे. चिमणीसाठी २० मार्च हा दिवस २०१० पासून पाळला जातो. त्यामागे नाशिकचे मोहम्मद दिलावर यांचा पुढाकार होता, हेही मुलांना माहीत असावे.

आता माता-पित्यांसाठी, आणि त्यातही मुलींच्या माता-पित्यांसाठी. पुष्कळ वेळा आपण म्हणतो, मुलगी आहे, तिला कुठे रानात पाठवणार? या अभ्यासाला रान लागत नाही. झारखंडात पूर्वी जमाल आरा नावाच्या बाई होऊन गेल्या. शाळेचे शिक्षण दहावीपर्यंतच झालेले. त्यांनी पक्ष्यांचा अभ्यास केला, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिले आणि त्यांचे 'वॉचिंग बर्ड्स' हे मुलांसाठीचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९७० साली प्रसिद्ध केले. पुढे कित्येक वर्षे त्यांचे नाव विस्मरणात गेले होते. आपल्या मुलींना ते नाव सांगा.

घरात एकच फोन आहे, तोही वडील कामावर नेतात, अशी अडचण कोणी सांगेल. फजरच्या नमाजानंतर वडील घराबाहेर पडेपर्यंतचा जो अर्धा-पाऊण तास असतो, तोच पाखरांचा सर्वांत चांगला वेळ. त्या वेळी फोन मुलाला द्या आणि शक्य असेल तर त्याच्याशेजारी चहाचा कप घेऊन बसा. "काय पाहिलेस?" एवढेच विचारा. गुण विचारण्याआधी हा प्रश्न विचारला जाणारी मुले मी शिकवली आहेत, म्हणून मला त्याचे महत्त्व ठाऊक आहे.

माझ्या नातीची गोष्ट पुरी करून थांबतो. त्या जास्वंदीला पुन्हा पाने फुटली, पण पुढच्या वर्षी बुलबुल तेथे आला नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात परसदारच्या मोडक्या माडाच्या खोडातील ढोलीत दयाळाची जोडी आली. मी म्हटले, "बेटा, फोन घे." तिने फोन घेतला नाही. आधी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीन दिवस नुसते पाहिले. नर तारेवर बसून ढोलीत जायला कचरतो, हे तिच्या लक्षात आले, तेव्हा तिने खिडकीला जुनी ओढणी लावली आणि तिच्या फटीतून फोन ठेवला. कचरणे थांबले. मग वहीत खेपा लिहिल्या. नराच्या वेगळ्या, मादीच्या वेगळ्या. पिल्ले उडून गेली त्या सकाळी ती झोपली होती. फोनही झोपला होता. चित्र कोणाकडेच नाही. ती थोडी रडली आणि मग वहीत लिहिले, 'आज ढोली रिकामी. खाली पिसे नाहीत.'

ते वाक्य वाचून मला किती बरे वाटले, हे मी आपल्याला सांगू शकत नाही.

संस्थेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. शाळेच्या वाचनालयात एक जाड वही ठेवावी. तिला 'परसदारची नोंदवही' म्हणावे. कोणाही विद्यार्थ्याने घरी पाहिलेले पाखरू तीत लिहावे. वही मी आणली आहे, अध्यक्षांच्या टेबलावर आहे. पहिले पान मी लिहिले आहे. त्यावर एप्रिल २०२० ची तारीख आहे, तीन छाटलेल्या डहाळ्या आहेत, कावळा आहे आणि खाली माझी सही आहे. मुलांनी आपल्या शिक्षकाची चूकही वाचावी. दुसरे पान कोरे आहे.